घुमणारा हॉल आणि अब्बांची कॅसेट

अष्टमी हे माझं माहेर. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. काही वर्षांपूर्वी भावाने आमचं जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं घर बांधलं. हॉल सोळा बाय बारा फुटांचा, उंची दहा फूट. खाली चकचकीत टाइल्स, वर पीओपी, समोर अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. वास्तू देखणी झाली, पाहुणे तारीफ करतात. फक्त त्या हॉलमध्ये कोणी काय बोललं ते अम्मीला कळत नाही.

अम्मीचं वय सत्तरीपलीकडचं. दोन्ही कानांना मशीन. आम्ही समजत होतो की दोष कानांचा आहे. मशीनचा आवाज वाढवून आणला, मग दुसरं मशीन घेतलं. पण मागच्या पडवीत बसली की अम्मी भाजीवालीशी घासाघीस करते, एक शब्द चुकत नाही. हॉलमध्ये आली की "काय बोलतंस?" सुरू. हे माझ्या लक्षात यायला लाज वाटावी इतका वेळ लागला.

मग कॅसेटी सापडल्या. मरहूम अब्बा १९७८ साली कुवेतला गेले. ट्रंक कॉल लागेपर्यंत अर्धा दिवस जायचा आणि पत्र लिहिण्यात अब्बांचा हात आखडता होता. म्हणून ते कॅसेटवर बोलायचे आणि सुट्टीवर येणाऱ्या गाववाल्याकडे ती द्यायचे. अकरा कॅसेटी एका बिस्किटाच्या डब्यात निघाल्या. एकीवर अब्बांच्या हाताने उर्दूत लिहिलेलं: १९८४. मी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मदतीने त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. भावाने चांगले स्पीकर पाठवले. एका संध्याकाळी खाला, शेजारच्या दोन बायका, वहिनी, मुलं, सगळे जमले आणि आम्ही आवाज लावला.

अम्मी दोन मिनिटं ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझे अब्बा हौदात बसून बोलतात काय?"

हेडफोन का नाही लावला, असं कोणी विचारेल. कानात मशीन असताना वरून हेडफोन दाबला की मशीन शिट्टी मारतं. आणि अम्मीला ते एकटीने कानात कोंबून ऐकायचं नव्हतं. तिला ते घरात ऐकायचं होतं.

मी इतिहासाची पुस्तकं वाचणारी बाई. भौतिकशास्त्राशी माझी गाठ बी.एड.नंतर पडलीच नव्हती. पण या हौदाच्या मागे लागले आणि लक्षात आलं की हा आपल्या घरांचाच इतिहास आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ. मराठीत आपण सगळ्यालाच प्रतिध्वनी म्हणतो. खरा प्रतिध्वनी, म्हणजे मूळ आवाजापासून वेगळा ऐकू येणारा, यायला समोरची भिंत लांब लागते. ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. साध्या घराच्या खोलीत भिंत इतकी जवळ असते की परत आलेला आवाज मूळ आवाजातच मिसळतो. तो पुन्हा समोरच्या भिंतीवर, तिथून छतावर, तिथून फरशीवर आपटत राहतो आणि हळूहळू मरतो. याला घुमणं म्हणावं. आमच्या हॉलमध्ये दोष घुमण्याचा होता. बोलताना स्वर जोरकस असतात आणि व्यंजनं नाजूक. 'आ' घुमत राहतो आणि त्याच्या पाठोपाठ आलेला 'त' किंवा 'फ' त्याखाली गाडला जातो. मुलांना तलफ्फुज शिकवताना मी वर्षानुवर्षं जे व्यंजनांवर ओरडते आहे, त्यातलं निम्मं आमच्या वर्गखोल्यांच्या उघड्या भिंतींनीच खाल्लं असणार. तरुण कान आणि मेंदू हरवलेलं व्यंजन अंदाजाने भरून काढतात. म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही, आणि मशीन तर शब्द आणि घुमणं दोन्ही मोठं करून देतं.

घुमण्याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे विजापूरचा गोल घुमट. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर. तो १६२७ ते १६५६ गादीवर होता. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आत मधे एकही खांब नाही. आतल्या सज्ज्यात भिंतीशी कुजबुजलं तर पार समोरच्या बाजूला कान लावलेल्याला ऐकू येतं. टाळी वाजवली तर ती परत परत मोजता येते. १९२१ साली लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या अशाच कुजबुजत्या सज्ज्यात सी. व्ही. रामन यांनी प्रयोग केले, आणि भारतात परतल्यावर गोल घुमटाचाही अभ्यास केला. आवाज वक्र भिंतीला धरून सरकत जातो, हे मूळ स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांचं. रामन यांना त्यात पाहण्यासारखं आणखी बरंच सापडलं.

मी दोनदा सहल घेऊन तिथे गेले आहे. मुलं ओरडतात, खूश होतात. पण गाइड काय सांगतो ते एकालाही कळत नाही. बिचारा एक वाक्य बोलतो, थांबतो, घुमट शांत होण्याची वाट बघतो, मग दुसरं बोलतो. ती कबर आहे. तिथे कोणी बयान करावं म्हणून ती बांधलेलीच नव्हती. आमच्या हॉलला ती सबब नाही.

आवाज म्हणजे काय यावर आपल्या पूर्वजांनी विचार केला होता. दहाव्या शतकात बसऱ्यात इख्वानुस्सफा म्हणून विद्वानांचा एक गट होता. त्यांच्या रिसाल्यांपैकी पाचवा संगीतावर आहे. त्यात आवाज ही हवेची हालचाल असून ती गोलाकार पसरते, काच फुंकणाऱ्याच्या नळीवर फुगत जाणाऱ्या काचेसारखी, असं समजावलं आहे. पसरत जाईल तशी ती क्षीण होते, हेही आहे. आणि सोळाव्या शतकात उस्मानी वास्तुकार सिनान यांनी इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीच्या घुमटात आतल्या बाजूला तोंड असलेली मडकी बसवली. मशीद १५५७ साली पूर्ण झाली. त्या मडक्यांनी नेमकं किती काम केलं यावर संशोधक अजून वाद घालतात. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की नकाशा काढतानाच कोणाच्या तरी मनात 'ऐकू कसं येईल' हा प्रश्न होता.

हा प्रश्न हिशेबात बसवला तो वॉलेस सॅबिन या तरुण अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नव्या फॉग कला संग्रहालयात व्याख्यानाचा हॉल बांधला होता. बोललेला शब्द त्यात साडेपाच सेकंद रेंगाळायचा. म्हणजे वक्ता पुढची दहा-पंधरा अक्षरं बोलून जायचा तरी पहिलं अक्षर हवेतच. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सॅबिनला सांगितलं, काहीतरी करा. सॅबिनने काय केलं? शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या उशा-गाद्या रात्री उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. मग आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. रस्त्यावरची रहदारी थांबलेली असते म्हणून सगळं मध्यरात्रीनंतर. आणि सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. असं कित्येक रात्री.

त्यातून जे सूत्र निघालं ते आजही चालतं. खोलीचं घनफळ मीटरमध्ये काढा, त्याला ०.१६ ने गुणा, आणि खोलीतल्या सगळ्या वस्तू मिळून आवाज किती शोषतात त्या आकड्याने भागा. उत्तर सेकंदांत. शोषण मोजायचं माप सॅबिनने फार साधं घेतलं: उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचं शोषण पूर्ण एक. बाकी सगळं तिच्या तुलनेत.

हे वाचलं आणि मला आमचं जुनं घर आठवलं.

त्या घरावर मंगलोरी कौलं होती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ती कौलं कोकणभर पसरली. त्याआधी नळीची कौलं होती. कोणतीही घ्या, कौलांच्या फटींतून उजेड यायचा, पावसात पाणी यायचं, आणि आवाज बाहेर जायचा. अख्खं छप्परच अर्धवट उघडी खिडकी. ओटीवर सारवलेली जमीन, माळ्यावर भाताच्या कणग्या, कोपऱ्यात गोधड्यांची चळत, खुंटीवर कपडे, लाकडी खांब, ओबडधोबड मातीच्या भिंती. त्या घरात कोणी घुमलं नाही. वडीलधारी माणसं ओटीवरून बोलायची आणि आत चुलीपाशी ऐकू जायचं.

घर बदललं ते आखाताच्या पैशाने. आमच्या कोकणी मुसलमानांत आधी जहाजावर जाणारे बरेच. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, तिकडे बांधकामं निघाली आणि गावोगावची तरुण माणसं कुवेत, सौदी, बहरीन, दुबईला गेली. ती दोन गोष्टी आणायची. एक टेप, ज्याला सगळे टू-इन-वन म्हणायचे. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ती छोटी कॅसेट या माणसांच्या सामानातूनच आमच्या घराघरांत शिरली. दुसरी गोष्ट, स्लॅब. गळकं छप्पर गेलं, दरवर्षी कौलं चाळायची कटकट गेली, विंचू-साप गेले. स्लॅबला नावं ठेवणाऱ्यांनी आधी जुलै महिन्यात कौलाखाली चार पातेली मांडून झोपून दाखवावं. पण गंमत अशी की ज्या पैशाने ऐकण्याचं यंत्र आलं त्याच पैशाने ऐकण्याची खोली बिघडली.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. अम्मानमार्गे लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणलं, त्यात अब्बा होते. हातात एक बॅग. त्यांचा टेप तिकडेच राहिला. इथल्या कॅसेटी वाचल्या, कारण त्या इथे होत्या.

आता हॉलचा हिशेब. घनफळ सुमारे ५४ घनमीटर. ०.१६ ने गुणलं की साडेआठच्या आसपास. रिकामा हॉल धरला तर प्लास्टर, टाइल आणि काच यांचं शोषण शेकड्याला दोन-तीन. भिंती, छत, फरशी मिळून ८८ चौरस मीटर पृष्ठभाग, पण शोषण जेमतेम अडीच उघड्या खिडक्यांएवढं. म्हणजे तीन सेकंदांच्या वर. सोफा, पडदे, बसलेली माणसं धरून ते पाचेक झालं असेल, तरी पावणेदोन सेकंद उरतात. बोलणं समजायला अशा खोलीत अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवं. म्हणजे आणखी दहा चौरस मीटर उघडी खिडकी कुठून तरी आणायला हवी होती. भाऊ फोनवर म्हणाला, "मग भिंतच पाड ना, आपा."

टाळी वाजवून पाहिली. टाळीनंतर चेन ओढल्यासारखा एक 'टर्रर्र' यायचा. बारा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या सपाट भिंती टाळीला चेंडूसारखं खेळवत होत्या, सेकंदाला जवळपास ४७ फेऱ्या. सोप्यात सोपी चाचणी आहे, तुमच्या घरी करून बघा.

पहिली चूक मी तीच केली जी १९२३ मध्ये बीबीसीने लंडनच्या सॅव्हॉय हिल स्टुडिओत केली होती. त्यांनी भिंतींवर जाड पडद्यांचे थर टांगले. घुमणं गेलं, पण संगीत निर्जीव वाटू लागलं. पडदा फक्त वरचे, बारीक स्वर खातो. खालचे, जाड स्वर त्यातून आरपार जातात आणि भिंतीवर आपटून परत येतात. मी सगळीकडे पडदे लावले आणि अब्बांचा आवाज हौदातून निघून पिंपात गेला. शेजारच्या पोराने अंड्यांचे ट्रे चिकटवायला सांगितले होते. ते जवळजवळ निरुपयोगी असतात, शिवाय पेट घेतात. थर्माकोलही तसंच, आवाजाला आत शिरायला त्यात वाटच नाही. शोषणारी वस्तू अशी हवी की तोंड लावून फुंकर मारली तर हवा कष्टाने का होईना आत गेली पाहिजे.

त्या काळात हे प्रश्न मुंबईतही लोक आपापल्या परीने सोडवत होते. १९३१ साली अर्देशिर इराणींनी 'आलम आरा' केला तेव्हा स्टुडिओजवळून रेल्वेच्या गाड्या जायच्या. आवाज रोखणाऱ्या भिंती नव्हत्या. म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री उशिरा चित्रीकरण. सॅबिनचाच उपाय. त्यातला नायक मास्टर विठ्ठल आपला मराठी गडी. त्यांची उर्दू कच्ची म्हणून त्यांना बराच वेळ बेशुद्ध दाखवलं, हा किस्सा मी उर्दूच्या वर्गात दरवर्षी सांगते. मराठी माध्यमाची पोरं नाराज होतात.

आमच्याकडे रॉकवूलच्या दोन इंची पाट्या आणल्या. सुताराने दोन बाय चार फुटांच्या सहा चौकटी केल्या, त्यात पाट्या बसवून वरून सुती कापड ताणलं. भिंतीला थेट न चिकटवता मागे दोन इंच जागा सोडली. त्यामुळे थोडे जाड स्वरही पकडले जातात, आणि कोकणच्या पावसाळ्यात हवा खेळती राहून बुरशी धरत नाही. एवढ्याने चार खिडक्या झाल्या. बाकी सगळं घरातलंच. अम्मीच्या हातच्या दोन गोधड्या समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर, थोडं अंतर ठेवून टांगल्या. 'टर्रर्र' त्याच दिवशी गेला. फरशीवर कापसाच्या दोन गाद्या. माझ्या उर्दू-मराठी पुस्तकांचं कपाट काचा काढून तिसऱ्या भिंतीला. आणि जाड स्वरांसाठी, जे कोपऱ्यांत साठतात, दोन कोपऱ्यांत गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्या. वहिनी म्हणाली, एवढा खर्च करून घर पुन्हा जुनं केलंत की. तिचं खरं होतं.

सगळं झाकायचं नसतं, हेही सांगून ठेवते. सगळं शोषून घेणाऱ्या खोलीत माणसाला गुदमरल्यासारखं होतं, स्वतःचाच आवाज परका वाटतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेच्या ज्या दर्ग्यात गात, आणि जिथे त्यांची कबर आहे, तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. ते उघड्यावर ऐकणं वेगळं आणि गादी-गालिच्याच्या कोंडलेल्या खोलीत रेकॉर्ड ऐकणं वेगळं. गाण्याला थोडं घुमणं लागतं, बोलण्याला कमी. किरअतला जे घुमणं शोभतं तेच खुतब्याला मारक ठरतं. आमच्या भागात कित्येक जुन्या मशिदी लाकडी छताच्या होत्या, तिथे आता काँक्रीट आणि संगमरवर आलं. इमामसाहेब तळमळीने बोलतात, मागच्या सफेतल्या बुजुर्गांना फक्त गजर ऐकू येतो. मग कमिटी आणखी मोठा स्पीकर लावते. आवाज दुप्पट केला की घुमणंही दुप्पट होतं, शब्द तिथेच राहतो. स्पीकरच्या पैशात मागच्या भिंतीला आणि छताला शोषणारी पाटी बसेल, जाड गालिचा येईल, लहान स्पीकर लोकांच्या जवळ, खाली लावता येतील. मी हे एका ट्रस्टी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "बेटी, संगमरवर झाकायला चंदा कोण देईल?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मागच्या महिन्यात पुन्हा सगळे जमलो. १९८४ ची कॅसेट. अब्बांनी आधी सगळ्यांना सलाम केला, नावं घेऊन. दादीची तब्येत विचारली. कौलं किती बदलली ते विचारलं. अम्मी मध्येच हसली, कारण अब्बा बोलताना कोणीतरी मागे खोकलं होतं आणि तो कोण ते तिला आवाजावरून कळलं. मला ते खोकणं ऐकूही आलं नव्हतं.

पहिली बाजू संपली. अम्मी म्हणाली की त्या वेळी ही कॅसेट ओटीवर सासू-सासरे, दीर, शेजारी सगळ्यांसमोर लागली होती. दुसरी बाजू लागायच्या आत ती चहा करायला उठून गेली, कारण त्यात तिच्यासाठी काहीतरी असणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिला लाज वाटली. नंतर टेप कोणीतरी नेला, कॅसेट डब्यात गेली.

"आता तुम्ही सगळी बाहेर जा," ती म्हणाली. "दार लावून घ्या."

खोलीतलं घुमणं कमी करणं वेगळं आणि खोलीतला आवाज बाहेर जाऊ न देणं वेगळं. रॉकवूलच्या दोन इंची पाटीने दुसरं काम होत नाही, त्याला जड भिंत आणि घट्ट दार लागतं. ओट्यावर अब्बांचा आवाज स्पष्ट येत होता. म्हणून आम्ही उठलो आणि मुलांना घेऊन पुलापर्यंत चालत गेलो.